कापलेला हात

"चित्र नाहीये!"

चिमणीचा आवाज एरवी वर्गात दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे. आज तो थेट खाली पहारेकऱ्याच्या खोलीत ऐकू गेला.

वर्गात सगळ्यांहून वयाने मोठ्या असलेल्या काकू तेव्हा जिन्यात होत्या, आपल्याच गुडघ्यांना शिव्या घालत. ओरडणं ऐकलं आणि गुडघे विसरून त्या उरलेल्या पायऱ्या चढून गेल्या.

चित्रखोलीचं दार सताड उघडं होतं. दारात चिमणी, हातात किल्ली. समोरच्या भिंतीवर नेहमीची सोनेरी फ्रेम, अगदी नेहमीसारखी टांगलेली. आणि फ्रेमच्या आत भिंत. पोपडे धरलेली, मळकट पिवळी भिंत.

"मी हात लावला नाही हो काकू," चिमणी म्हणाली. "दार उघडलं तर हे असं."

"लावूही नकोस. तिथेच उभी राहा."

कलेतिहास विभागाकडे मौल्यवान म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे हे चित्र. 'खिडकीतली बाई.' चित्रकार कधीच वारलेला. चित्रात उजवीकडे वर खिडकी, तिच्यातून येणारं ऊन, एक टेबल, टेबलावर वाडगा आणि निळ्या कपड्यांतली एक बाई. नजर खाली झुकलेली. तिचा एक हात उजवीकडे लांब जातो, आणि मनगटापाशी चित्रच संपतं. बोटं नाहीत. पंजा नाही. हात कापल्यासारखा दिसतो.

त्या कापलेल्या हातावर विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, आख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्या जुन्या काळात चित्राच्या कडेने हात छाटून टाकण्याचं धाडस या चित्रकाराने केलं, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक गाजलं. सरांचं नाव झालं, विभागाचं झालं. दर वर्षी एम.ए.च्या पहिल्या दिवशी सर नव्या मुलांना या चित्रासमोर उभं करून एकच प्रश्न विचारत, "त्याने हा हात का कापला?" मुलं आपापली अक्कल पाजळत आणि सर मिशीत हसत.

दोन वर्षांपूर्वी चिमणीने मात्र उलटच विचारलं होतं, "कापलाय कशावरून, सर?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला होता. सरही हसले होते.

आज त्याच चिमणीच्या लघुप्रबंधाचं सादरीकरण होतं. दुपारी चारला. त्याआधी चित्रांची डॉक्टरीण, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाई, परगावाहून येऊन फ्रेम पहिल्यांदाच उघडणार होत्या. चिमणीने महिनोन्‌महिने सरांच्या मागे लागून ही परवानगी मिळवली होती. आणि आजच चित्राने काढता पाय घेतला.

*

थोड्याच वेळात सगळे जमले.

सर रिकाम्या फ्रेमसमोर खुर्ची ओढून बसले. मग पुटपुटले, "आता कोणी उघडणार नाही तिला."

हे वाक्य काकूंच्या कानात रुतून बसलं.

मॅडम धावतपळत आल्या. विभागात सरांनंतर त्याच. एकेकाळी सरांची विद्यार्थिनी, मग सहकारी. सरांचं पथ्यपाणी, सरांची भाषणं, सरांचा चष्मा कुठे राहिला, हे सगळं मॅडमना पाठ. आल्या आल्या त्यांनी चिमणीला जवळ घेतलं आणि "घाबरू नकोस गं" म्हणून पाठीवरून हात फिरवला.

सर्वांत शेवटी तळटीप आला. पीएच.डी. करणारा. तुम्ही 'आज उकडतंय' म्हणालात तर 'उकाडा नव्हे, दमटपणा' असं सांगणारा प्राणी, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. त्याने फ्रेमकडे पाहिलं, मग चिमणीकडे, आणि एका झटक्यात निकाल लावला.

"काल संध्याकाळी शेवटी खोलीत कोण होतं? हीच. किल्ली कोणाकडे होती? हिच्याकडे. हिला धीर धरवला नाही. स्वतःच फ्रेम उघडायला गेली, चित्र फाटलं असणार, आणि आता लपवून ठेवलंय. सरळ पोलिसांना बोलवा."

"किल्ली मी बाहेरच्या खिळ्याला लावून गेले होते," चिमणी म्हणाली. "रोज लावतात तशी."

"असं तू म्हणतेस."

"ए, पुरे!" मॅडम कडाडल्या. मग सरांकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "पोलीस नकोत, सर. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. चुकून झालं असेल काही, तर एक-दोन दिवसांत चित्र आपोआप परत येईल. वाट पाहू."

चिमणीने चमकून मॅडमकडे पाहिलं. तिची बाजू घेता घेता मॅडमनी तिला चोर ठरवून टाकलं होतं.

सर उठले. "संध्याकाळपर्यंत वाट पाहीन. मग तक्रार देईन. आणि मुली, तक्रार दिली की तुझं नाव द्यावं लागेल. चौकशी संपेपर्यंत पदवी मिळणार नाही."

चिमणीने दाराकडे पाहिलं. "सर, बाहेर माझे अप्पा बसलेत. सादरीकरण बघायला आलेत."

काकू पुढे झाल्या. "सर, संध्याकाळपर्यंत मला जरा नाक खुपसू द्या."

सरांनी मान डोलावली. काकूंचा पूर्वेतिहास सगळ्यांना माहीत होता. त्यांची उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. जळालेली दुकानं, बुडालेला माल, चोरीला गेलेले दागिने. निवृत्त झाल्यावर लेक म्हणाली, आई, आता जरा हिंड-फिर. काकूंनी त्याऐवजी एम.ए.ला नाव घातलं. नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसून त्या चित्रं बघायला शिकत होत्या, आणि बघण्याची सवय जुनीच होती.

*

सगळ्यांना बाहेर काढून काकूंनी आधी फ्रेम पाहिली.

फ्रेम काटेकोर सरळ टांगलेली होती. पदर खोचून त्यांनी ती हलकेच उतरवली आणि टेबलावर पालथी घातली. पाठीमागचा पुठ्ठा काढून भिंतीला टेकवून ठेवलेला होता. ज्या खिळ्यांनी तो ठोकला होता, ते खिळे कपाटावर एका बशीत होते. सगळे. एकही वाकडा नव्हता.

'वा,' काकू मनाशी म्हणाल्या. 'चोर आहे की घरातली सून?'

त्यांनी पुठ्ठा उलटा केला. आतल्या बाजूला स्लाइड प्रोजेक्टरचं चित्र छापलेलं. म्हणजे प्रोजेक्टरच्या खोक्याचा कापलेला तुकडा. तोच प्रोजेक्टर जो आता अडगळीत धूळ खात पडला होता.

मग फ्रेमच्या मागचं लाकूड. त्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसली होती आणि चित्र जिथे टेकलेलं होतं तिथे लाकूड स्वच्छ होतं. चित्राच्या डाव्या कडेला ही स्वच्छ पट्टी नखाएवढी. उजव्या कडेला चांगली चार बोटं रुंद.

काकूंनी त्या पट्टीवर खरंच चार बोटं ठेवून पाहिली. मग बोटं पदराला पुसून त्या बाहेर पडल्या.

*

बाकावर चिमणीचे अप्पा बसले होते. बसचालक. आजच्यासाठी रजा काढून, इस्त्रीचा सदरा घालून आलेले. मांडीवर पिशवी.

"ताई, काही गडबड आहे का?" त्यांनी विचारलं. "पोरगी तोंड चुकवतेय."

"वीज गेलीय," काकूंनी बेधडक ठोकून दिलं. "येईल. तुम्ही बसा."

अप्पांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, पण सज्जन माणूस, काही बोलले नाहीत. "मी तिला विचारलं होतं, बाळ, तू चित्रं काढतेस का? नाही म्हणाली, बघते. मला कळेना, बघायला कशाला शिकायला लागतं? पण हौसेनं करतेय म्हटलं, करू दे."

काकूंना एकदम गलबलून आलं. त्या झटकन चिमणीकडे वळल्या आणि तिला रिकाम्या वर्गात घेऊन गेल्या.

"रडणं नंतर. आधी मला चित्र सांग. डोळे मिट आणि काय दिसतं ते सांग."

"खिडकी. ऊन. टेबल, वाडगा. बाई उभी आहे, खाली बघतेय. आणि जमिनीवर, उजव्या कडेला, एक छोटी सावली."

"कशाची?"

"तेच तर! सर म्हणतात, हाताची. पण ती फार खाली आहे, काकू. हाताची सावली तिथे पडणारच नाही. ज्याची सावली आहे ते चित्रात नाहीये. म्हणून मी म्हणत होते, फ्रेम उघडा. फ्रेमखाली काहीतरी आहे."

"तू उघडलीस?"

"मी उघडली असती तर मी आत्ता अशी गप्प बसले असते का? गावभर नाचले असते!"

काकू हसल्या. "ते पटलं."

*

तळटीप फाटकाशी सापडला. काखेत भलीमोठी गोल नळी. पहारेकऱ्याने अडवलं होतं आणि दोघांची जुंपली होती.

"उघड," काकू म्हणाल्या.

"हा माझा खाजगी…"

"उघड रे बाबा. नाहीतर पोलीस उघडतील. तूच बोलवायला निघाला होतास ना?"

नळीतून तक्ते निघाले. दुसऱ्या विद्यापीठातल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी केलेले. तळटीपाचा चेहरा उतरला. "सरांना सांगू नका. ते म्हणतील, पळून चाललाय."

"चित्र सांग मला."

"कोणतं? हां. मध्यम आकाराचं तैलचित्र. बाई, वय साधारण तीस, नव्हे, अठ्ठावीस. नजर टेबलाकडे. वाडगा रिकामा. हात मनगटाच्या किंचित पुढे छाटलेला. सर मनगटावर म्हणतात, पण ते चूक आहे."

"तुला त्या पोरीचा इतका राग का?"

त्याने तक्ते परत नळीत सरकवले. "माझा आख्खा प्रबंध त्या कापलेल्या हातावर उभा आहे. तिची सावली खरी ठरली तर मी कुठे जाऊ?"

खरं बोलणारा माणूस असा पडेल चेहऱ्यानेच बोलतो. तरी काकूंनी त्याला मनातल्या यादीतून काढलं नाही. फक्त जरा मागे सरकवलं.

*

मॅडमची खोली नेहमीसारखी टापटीप होती. डॉक्टरीणबाई तिथेच चहा घेत होत्या.

"तुम्ही कशाला उगीच ताटकळता?" मॅडम त्यांना म्हणत होत्या. "आधीची गाडी आहे ना, तिने निघा. चित्र मिळालं की कळवू. पुढच्या वर्षी या हवं तर."

"चारपर्यंत थांबते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पाय मोकळे करायला बाहेर गेल्या.

काकू खुर्चीत टेकल्या. समोरच्या भिंतीवर 'खिडकीतली बाई'चं मोठं पोस्टर काचेच्या फ्रेममध्ये. सरांच्या पुस्तकाच्या वेळी छापलेलं. काकू या खुर्चीत बसल्या की हटकून कुरकुर करायच्या, कारण काचेत मागची खिडकी लख्ख चमकायची आणि चित्रातल्या बाईचे नाकडोळे काही दिसायचे नाहीत. आज मात्र बाईचा चेहरा कसा स्वच्छ दिसत होता. काचेच्या एका कोपऱ्यात पंखा गरगरत होता, तेवढाच काय तो अडथळा.

"मॅडम, एक विचारू? पोस्टरकडे न बघता मला चित्राचं वर्णन करून सांगा."

"हे काय नवीन?"

"जुनी सवय. विम्याचा दावा आला की मी आधी वस्तूचं वर्णन विचारायची."

मॅडमनी डोळे मिटले. "उजवीकडे वर खिडकी. टेबल, त्यावर वाडगा. दुपारचं ऊन असावं. आई उभी आहे, मान जराशी झुकलेली, चेहऱ्यावर थकवा आणि माया, दोन्ही. आणि तो हात." त्यांनी डोळे उघडले. त्यांत पाणी होतं. "सरांचं आयुष्य आहे हो ते चित्र. त्या पोरीला कळायला हवं होतं."

"तुम्हाला वाटतं, तिनेच नेलं?"

"मला काही वाटत नाही. मला फक्त कोणाचं वाईट व्हायला नको आहे."

"तुम्ही विभागात कधीपासून आहात?"

"सरांचं पुस्तक छापत होते तेव्हापासून. मुद्रितं मीच तपासली."

*

सर अजून चित्रखोलीत बसले होते. काकूंनी पुठ्ठा त्यांच्यासमोर धरला.

"सर, हा प्रोजेक्टर विभागात कधी आला?"

"पुस्तक गाजलं त्याच्या पुढच्या वर्षी. विद्यापीठाने खूश होऊन दिला."

"आणि या फ्रेमचा पुठ्ठा तुम्ही त्यानंतर कधी बदललात?"

"मी? मी तिला कधी हातच लावला नाही. रंग सुटायला आलाय. कोणालाही लावू दिला नाही."

"पुस्तक लिहितानाही नाही?"

सर खजील झाले. "मापं फ्रेमच्या आतून घेतली होती. उघडायची हिंमत झाली नाही."

"आज सकाळी तुम्ही म्हणालात, आता कोणी उघडणार नाही तिला. कशाला म्हणालात?"

"भीती वाटत होती, काकू. रात्रभर झोपलो नाही. आज काय निघेल फ्रेमखालून, या विचाराने. आणि सकाळी चित्रच नाही म्हटल्यावर पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते सांगायला."

"तुमच्या वतीने दुसऱ्या कोणाला भीती वाटत होती का?"

"म्हणजे?"

"काही नाही. सगळ्यांना मॅडमच्या खोलीत बोलवा. आणि डॉक्टरीणबाईंना म्हणावं, अवजारं घेऊन या."

*

खोली लहान आणि माणसं दाटीवाटीने उभी. मॅडम टेबलामागे, सर खुर्चीत, डॉक्टरीणबाई पेटी घेऊन, तळटीप दाराला टेकून, चिमणी कोपऱ्यात. काकूंनी अप्पांनाही आत बोलावून घेतलं.

"यांना कशाला?" मॅडमनी विचारलं.

"यांच्या पोरीवर आळ आलाय. ऐकण्याचा पहिला हक्क यांचा."

अप्पांनी गोंधळून लेकीकडे पाहिलं. चिमणीने मान खाली घातली.

"अप्पा, वीजबीज काही गेली नव्हती, मी खोटं बोलले. चित्र गेलंय, आणि संशय हिच्यावर आहे." काकूंनी एका दमात सांगून टाकलं. "आता कोणी नेलं ते सांगते."

काकूंनी सोबत आणलेली खिळ्यांची बशी टेबलावर ठेवली.

"सुरुवात फ्रेमपासून. चोर फ्रेम पुन्हा टांगत नाही. टांगलीच तर वाकडी टांगतो. इथे फ्रेम सरळ, पुठ्ठा नीट ठेवलेला आणि खिळे बशीत. पुन्हा ठोकायला लागतील म्हणून जपून ठेवलेले. म्हणजे चित्र विकायचं नव्हतं की फाडायचं नव्हतं. काही दिवसांनी परत बसवायचं होतं. फक्त आज ते डॉक्टरीणबाईंच्या हाती पडायला नको होतं."

"कारण?" तळटीप म्हणाला.

"कारण फ्रेम चित्राला लहान आहे. मागच्या लाकडावर धुळीने सगळं लिहून ठेवलंय. उजवीकडे चित्र चार बोटं आत दडलेलं होतं. कोणीतरी कधीकाळी तयार फ्रेम आणली, ती पुरली नाही, तशीच मागून ठोकली. चित्रकाराने हात कापलेला नाही, सर. फ्रेम बनवणाऱ्याने कापला."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"हे उघडकीला आलं तर नुकसान कोणाचं? सरांचं आणि या तळटीपाचं. पण फ्रेम याआधीही एकदा उघडली गेली होती. पुठ्ठा प्रोजेक्टरच्या खोक्याचा, आणि प्रोजेक्टर आला सरांच्या पुस्तकानंतर. तेव्हा हा तळटीप आणि चिमणी बालवाडीतसुद्धा नव्हते. विभागात तेव्हापासून असलेली माणसं दोनच. सर आणि मॅडम."

"काकू, तुम्ही सरांवर संशय घेताय?" मॅडमचा आवाज चिरकला.

"घेतला होता. दुपारभर घेतला. मग मला तुमचं वर्णन आठवलं." काकू त्यांच्याकडे वळल्या. "दाव्यांच्या कामात मी एक शिकले, मॅडम. ज्याने वस्तू जेवढी पाहिली असेल, तेवढीच तो सांगतो. या चित्राचं नावच 'खिडकीतली बाई'. चिमणी म्हणाली बाई. हा म्हणाला बाई, वय अठ्ठावीस. सरांच्या आख्ख्या पुस्तकात बाई. तुम्ही एकट्या म्हणालात, आई उभी आहे. चेहऱ्यावर माया आहे. कोणाची आई? चित्रात तर मूल नाही."

मॅडमनी टेबलावरचे कागद सरळ करायला घेतले.

"मूल फ्रेमखाली आहे. जमिनीवरची छोटी सावली त्याची. ते पाहिलेलं माणूस त्या बाईला पुन्हा नुसती बाई म्हणूच शकत नाही."

"हा पुरावा नाही," तळटीप सवयीने बोलून गेला.

"नाहीच. पुरावा भिंतीवर आहे." काकूंनी पोस्टरकडे बोट केलं. "या खुर्चीत बसून मी दोन वर्षं कुरकुरतेय, की काचेत खिडकी चमकते. आज खिडकी नव्हती, पंखा होता. काच खालून पुढे आली, वर कलली, म्हणून छत दिसायला लागलं. पोस्टर आपोआप कलत नाही. त्याच्या मागे काहीतरी जाडसर आहे. डॉक्टरीणबाई, जपून उतरवा."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले. पोस्टर उतरवलं. त्याच्या पाठीला, खालच्या अंगाला, मऊ पांढऱ्या कापडात गुंडाळलेली वस्तू सुतळीने बांधलेली होती. त्यांनी गाठ सोडली, कापड बाजूला केलं, आणि चित्र टेबलावर उताणं ठेवलं.

कापलेला हात कापलेला नव्हता. मनगटापुढे पंजा होता, पंज्यात एक चिमुकला हात घट्ट धरलेला, आणि अगदी कडेला, ऊन पडलेला एक गोबरा गाल. बाई टेबलाकडे बघत नव्हती. ती लेकराकडे बघत होती.

चिमणी तोंडावर हात दाबून रडायला लागली. आता रडायला हरकत नव्हती.

"पाण्याचा पाइप फुटला होता," मॅडम बोलू लागल्या. "भिंत भिजली होती. सर परदेशी व्याख्यानाला गेलेले. मी चित्र वाळवायला म्हणून उतरवलं, जुना पुठ्ठा लगदा झाला होता. उघडलं आणि…" त्यांनी सरांकडे पाहिलं. "तुमच्या पुस्तकाला तेव्हा पारितोषिक जाहीर झालं होतं, सर. मी कसं सांगणार होते? होतं तसं बंद केलं. पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. मला वाटलं, एवढं वर्ष निभावून न्यावं. बाई गेल्या की चित्र परत ठेवणार होते. शपथेवर सांगते."

"आणि ही पोर?" काकूंनी विचारलं. "सकाळी हिच्या पाठीवरून हात फिरवलात आणि त्याच तोंडाने म्हणालात, चुकून झालं असेल. चित्र लपवलंत ते सरांच्या मायेपोटी, कबूल. पण हिच्या नावाने तक्रार जाणार होती, आणि तुम्ही चहा पाजत बसला होतात."

मॅडम टेबलाला वळसा घालून चिमणीसमोर आल्या, पण जवळ जायचा त्यांना धीर झाला नाही. मग त्या अप्पांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "तुमच्या मुलीने काही केलेलं नाही. मी केलं."

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. "माझी पोर सकाळपासून माझ्या नजरेला नजर देत नव्हती, बाई," ते एवढंच म्हणाले.

सर टेबलाशी वाकून चित्राकडे बघत होते. नाक टेकेल इतके वाकून. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली, ती मॅडमकडे.

"मी दर वर्षी नव्या मुलांना विचारायचो, हात का कापला. तू बाजूला उभी असायचीस."

"सर, तुमचं नाव…"

"रोज माझ्यासोबत जेवायचीस. आणि तुला हे माहीत होतं." सरांनी चष्मा काढला. "अगं, पुस्तक चुकलं असतं तर दुसरं लिहिलं असतं. तेव्हा माझ्यात ताकद होती. मला हे बघायचं होतं गं. तू एकटीनेच बघितलंस."

या घावाची मॅडमना कल्पनाच नव्हती. इतकी वर्षं त्या सरांना वाचवत होत्या असं त्यांना वाटत होतं.

"उद्या कुलगुरूंकडे आपण दोघं जाऊ," सर म्हणाले. "तुझं तू सांग, माझं मी सांगेन."

*

चारचं सादरीकरण जरा उशिराच सुरू झालं.

चित्र फ्रेमशिवाय, तसंच उघडं, फळ्याजवळच्या टेबलावर तिरकं ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई शेजारी पहारा देत बसल्या होत्या. त्यांची गाडी कधीच निघून गेली होती. तळटीप दुसऱ्या बाकावर कागद-पेन घेऊन बसला होता, आणि चमत्कार म्हणजे गप्प होता. अप्पा मागे, काकूंच्या बाजूला.

"ताई," अप्पा कुजबुजले, "त्या पोराचा हात बघा कसा घट्ट धरलाय. रस्ता ओलांडताना धरतात ना, तसा."

"अप्पा, तुम्हाला शिकवायची गरज नाही," काकू म्हणाल्या. "तुम्हाला बघता येतं."

चिमणी कागद चाळवत उभी होती.

सर आत आले. परीक्षकाच्या खुर्चीकडे गेलेच नाहीत. पहिल्या बाकावर, जिथे नवी पोरं बसतात, तिथे जाऊन बसले आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"पहिल्या दिवशी मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता," ते चिमणीला म्हणाले. "हात का कापला. आठवतं?"

"हो, सर."

"तू काय म्हणाली होतीस?"

चिमणीने चित्राकडे पाहिलं, मग मागच्या बाकावरच्या वडिलांकडे.

"कापलाय कशावरून, सर?"

वर्गात या वेळी कोणी हसलं नाही.

"मी तेव्हा हसलो होतो," सर म्हणाले. "आता सांग. मी ऐकतोय."